साखरपुड्याच्या आंगठीवर किती खर्च करावा? एका सोनाराचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही वेर्ण्याच्या औषध कंपनीत उत्पादन विभागात आहात. पगार हातात ४२,००० येतो, बाजूला टाकलेले तीन लाख आहेत. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर, लग्न मे महिन्यात. मुलगी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नर्स आहे. मित्र म्हणतात, तीन महिन्यांचा पगार आंगठीत घालायचाच असतो. आई म्हणते, सोन्याचीच कर. मुलीच्या मावशीने हसत हसत ‘हिऱ्याचीच असेल ना?’ असं विचारून ठेवलंय. गरज पडली तर पर्सनल लोन काढायची तयारी आहे, फक्त आकडा सांगा, असं तुमचं म्हणणं.

मी डिचोलीच्या बाजारात सोनारकाम करतो. वडील आणि आजोबा हेच करायचे. आता मुलगा गल्ल्यावर बसतो आणि मी मागे शेगडीपाशी. तेव्हा हे उत्तर विकणाऱ्याचं आहे हे लक्षात ठेवूनच वाचा. आकडा शेवटी सांगतोच, पण तो कसा काढला हे कळलं नाही तर पहिल्याच शोरूममध्ये तो दुप्पट होईल.

त्या तीन महिन्यांच्या पगाराचं आधी उरकून टाकू. हा आपल्याकडचा रिवाज नाही, कुठल्या शास्त्रातही नाही. डी बिअर्स ही हिऱ्यांची कंपनी. तिच्यासाठी अमेरिकेतली एन. डब्ल्यू. आयर ही एजन्सी जाहिराती करायची, आणि ‘हिरा कायमचा असतो’ हे घोषवाक्य त्यांनी १९४७ मध्ये बाजारात आणलं. आंगठीवर किती खर्चायचं याचं मापही जाहिरातींनीच शिकवलं: आधी एक महिन्याचा पगार, १९८०च्या दशकात अमेरिकेत दोन महिन्यांचा, आणि जपानी गिऱ्हाइकाला तीन महिन्यांचा. तुमच्या मित्रांपर्यंत जपानी माप पोचलंय एवढंच. गंमत म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात दख्खनचे हिरे विकायला जुन्या गोव्यात यायचे, युरोपातले जवाहिरे ते घ्यायला इथे राहायचे, आणि तरीही आपल्या साखरपुड्यात हिरा नव्हता. साडी, ओटी, नारळ, साखर, फार तर एखादा सोन्याचा डाग. दोघांनी एकमेकांना आंगठी घालायची पद्धत आपल्या हिंदू घरांत रुळली ती बरीच अलीकडे. चांगली पद्धत आहे, माझं पोट त्यावर चालतं. पण तिला पगाराचं माप लावायचं काही कारण नाही.

आता मुद्द्याचं. गिऱ्हाईक आंगठीची किंमत एकच आकडा म्हणून बघतं. मला त्यात दोन वेगळे पैसे दिसतात. एक, जो धातूत बसलेला आहे आणि उद्या अडचण आली तर बराचसा परत येतो. दुसरा, जो काउंटरवरून उठताक्षणी गेला: घडणावळ, कर आणि बहुतेक वेळा खड्याची किंमत. बजेट ठरवायचं असेल तर या दुसऱ्या पैशाचं ठरवा. पहिल्याला फक्त ‘आज हातात एवढी रोकड आहे का’ एवढीच मर्यादा.

हिशेब करून दाखवतो. सोपं जावं म्हणून २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला एक लाख धरतो. २०२५ मध्ये सोन्याने ही पायरी ओलांडली; तुम्ही घ्याल त्या दिवशीचा भाव त्यात घाला, गणिताची रीत बदलत नाही. खड्याचे आणि घडणावळीचे आकडेही मी समजण्यापुरतेच धरलेत.

पहिली आंगठी, २२ कॅरेटची, बिनखड्याची, ५ ग्रॅम. सोनं ९,१६० रुपये ग्रॅमप्रमाणे ४५,८०० चं. घडणावळ १२ टक्के धरली तर ५,४९६. त्यावर ३ टक्के जीएसटी. एकूण साधारण ५२,८००. यात सोन्याचे ४५,८०० तुमच्या बोटात तसेच राहिले; गेले ते सात हजार. मोडायला नेलीत तर बदल्यात दुसरा दागिना घेताना जवळजवळ पूर्ण भाव मिळतो, रोख मागितलीत तर थोडी कपात होते.

दुसरी, १८ कॅरेटची ३ ग्रॅमची, त्यात २० सेंटचा, म्हणजे वजनाने कॅरेटच्या पाचव्या भागाएवढा, खाणीतला हिरा. सोनं ७,५०० ने २२,५००. घडणावळ ४,५००, कारण हिऱ्याच्या आंगठीची मजुरी नेहमीच चढी. हिरा २०,०००. कर धरून साधारण ४८,४००. किंमत पहिलीपेक्षा कमी दिसते, हो ना? पण सोनं सोडून बाकी सगळं मिळून २६,००० च्या आसपास होतात. काही मोठी दुकानं स्वतः विकलेला हिरा ठरावीक टक्क्यांनी परत घेतात. ते बिलावर किंवा हमीपत्रावर लेखी असेल तरच धरायचं. त्या दुकानाबाहेर मात्र असा छोटा हिरा घेऊन कोणी माझ्याकडे आलं तर मी प्रामाणिकपणे सांगतो की मला त्याचा उपयोग नाही, आणि जो घेईल तो पडेल भावात घेईल.

तिसरी, हीच आंगठी, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याची. तो ५,००० चा धरू. कर धरून एकूण ३३,००० च्या आत, त्यातले गेले साडेदहा हजार. हा हिरा नकली नसतो, तोही कार्बनचाच, घडण तीच, चमक तीच. भिंगाने बघून मलाही फरक सांगता येत नाही, त्याला यंत्र लागतं. सुरतेत तो मोठ्या प्रमाणात तयार होतो. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेत जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला तोही असाच होता. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरलेत, त्यामुळे परत विकायची आशा शून्य धरा. शून्य धरूनही वरचं गणित बघा.

म्हणजे तिन्ही आंगठ्या डबीत ठेवल्या तर तेहेतीस ते त्रेपन्न हजारांतल्या. पण एकीत सात हजार गेले, एकीत साडेदहा आणि एकीत सव्वीस. माझ्या मते प्रश्न एवढाच आहे की या घटकेला किती हजार कायमचे गेलेले तुम्हाला चालतील.

ते कशावर अवलंबून? इथे मी तुमच्या घरात डोकावू शकत नाही, तुम्हीच बघायचं. तीन लाखांतून मे महिन्याचं काय काय जाणार आहे ते आधी कागदावर लिहा: मंगळसूत्र, सभागृह किंवा देवळाचा हॉल, आचारी, फोटोवाला, कपडे. मंगळसूत्र विसरू नका, आंगठीवाले हटकून विसरतात, आणि सोन्याचा खरा भार तिथे आहे. त्यानंतर भाड्याने राहणार असाल तर घराचं डिपॉझिट. मग दोन-तीन महिन्यांचा घरखर्च हात न लावता बाजूला. जे उरेल त्यातून आंगठी. बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलांना मी वेगळं सांगतो, कारण त्यांचा पगार कंत्राटाच्या महिन्यांतच येतो आणि घरी असताना बंद असतो. त्यांनी आणखी हात आखडावा. आईकडे जुनं सोनं पडून असेल तर गणित पुन्हा बदलतं. आपलं सोनं देऊन आंगठी घडवून घेतली तर कर फक्त मजुरीवर लागतो, ५ टक्के. मात्र जुन्या दागिन्यात झाळकाम, म्हणजे झाळून केलेले जोड, फार असेल तर आटवल्यावर शुद्ध सोनं अपेक्षेपेक्षा कमी भरतं, म्हणून आधी मशीनवर कस बघून घ्या आणि मग आईला आकडा सांगा. उलट क्रमाने केलंत तर घरात विनाकारण संशय येतो.

कर्जाबद्दल माझं मत ठाम आहे: आंगठीसाठी काढू नका. बऱ्याच बँका क्रेडिट कार्डावरची दागिन्यांची खरेदी हप्त्यांत बदलून देत नाहीत, म्हणून लोक पर्सनल लोनकडे वळतात, आणि त्याचं व्याज म्हणजे ‘गेलेल्या’ पैशात आणखी भर. शिवाय आपल्याकडे गोव्यात लग्नाच्या नोंदणीची पहिली सही, दुसरी सही झाली आणि आधी वेगळा करार केलेला नसेल, की नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात. कायद्याचे बारकावे वकिलाला विचारा. माझं म्हणणं साधं आहे: तिला दिलेल्या आंगठीचा हप्ता जूनपासून तिच्याही संसारातून जाणार, आणि ते तिला साखरपुड्यात कोणी सांगितलेलं नसतं.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत आणि जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुमची आंगठी ठरली की मुलीच्या वडिलांचाही खर्च ठरतो. आंगठ्या दोन असतात. माझ्या दुकानात हे दर हंगामात घडतं: मुलाकडचे येऊन आंगठी सांगून जातात, आणि मग कधीतरी दुपारी, दुकानात गर्दी नसताना, मुलीचे वडील येतात. आधी पावसाच्या गोष्टी, चवथीच्या गोष्टी. चहा येतो. कप खाली ठेवता ठेवता हळूच विचारतात, ‘शेट, तांची मुदी कितल्या ग्रामांची?’ म्हणजे त्यांची आंगठी किती ग्रॅमची? मी वजन सांगितलं की ते मान हलवतात, खिशातून घडी घातलेला कागद काढतात, त्यावर आधी लिहिलेला आकडा खोडतात आणि नवा लिहितात. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान झालेला मी आजवर पाहिलेला नाही. कुणी मागितलेलं नसतं, कुणी बोललेलं नसतं. तरी पाच ग्रॅमला पाच ग्रॅम भरावेच लागतात, वर अर्धा ग्रॅम जास्त.

तेव्हा मुलीशी आणि जमलं तर दोन्ही घरांत मोकळं बोलून घ्या, की दोन्ही आंगठ्या अमुक वजनाच्या आसपास, अमुक रकमेच्या आत. बोलायला अवघड वाटतं, पण एकदा बोललं की दोन्हीकडचे सुटकेचा श्वास सोडतात. आणि आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत असेल तर सोडून द्या. साखरपुडा ठरलेला आहे, तारीख ठरलेली आहे, जेवायला किती पानं हे ठरलेलं आहे. आंगठी तेवढी गुपित ठेवून काय मिळणार? तिला दुकानात घेऊन या. माझ्या अनुभवात मुली स्वतः निवडतात तेव्हा मुलांच्या अंदाजापेक्षा हलकी आंगठी निवडतात. मावशीला काय घालायचंय हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो मावशीच्या नवऱ्याचा.

तुमच्या दोघांच्या कामाचा विचारही पैशाच्या आधी यायला हवा. ती नर्स आहे. दिवसभर हातमोजे घालायचे, काढायचे, हात धुवायचे. उभ्या पंज्यात बसवलेला उंच हिरा मोज्यात अडकतो, मोजा फाडतो, पंजा वाकतो आणि एक दिवस खडा गायब. ड्यूटीवर तिला आंगठी काढूनच ठेवावी लागत असेल तर तेही विचारा. तिच्यासाठी सपाट घडणीची आंगठी करा, खडा हवाच असेल तर पंज्याऐवजी कोंदणात, म्हणजे सोन्याची कड चारी बाजूंनी वर आलेली, खडा बोटाच्या अंगाला. अशा बैठकीत फार मोठा खडा शोभतही नाही. म्हणजे खर्चाचा एक मोठा भाग आपोआपच कमी झाला. आणि तुमचं काय? औषध कंपनीच्या उत्पादन विभागात आंगठी घालून आत जाऊ देत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुमची आंगठी पाळीभर लॉकरमध्ये पडणार. सासऱ्यांना हे आत्ताच सांगा, म्हणजे ते बिचारे कागदावरचा आकडा खोडणार नाहीत.

हिराच घ्यायचा ठरलं तर थोडं. २२ कॅरेटचं सोनं मऊ असतं, खडा धरून ठेवायला १८ कॅरेट बरं. पिवळ्या सोन्यात खड्याची किंचित पिवळी झाक दिसत नाही, त्यामुळे वरच्या रंगाच्या प्रतीचे पैसे मोजू नका. डोळ्यांना न दिसणाऱ्या डागांसाठीही नको. पैसे द्यायचेच तर कटला, म्हणजे पैलू पाडण्याच्या कामाला द्या, चमक तिथून येते. अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा गोल आकड्यांवर भाव उडी मारतो. ५० सेंटऐवजी ४७-४८ सेंटचा खडा घेतलात तर बोटावर फरक कोणालाही दिसत नाही, बिलावर दिसतो. पांढऱ्या सोन्याचा मुलामा काही वर्षांनी उतरतो आणि पुन्हा चढवावा लागतो, तो खर्च वेगळा. समुद्रात आणि स्विमिंग पूलमध्ये जाताना आंगठी घरी. थंड पाण्यात बोट आकसतं आणि आंगठी सटकते, कळंगुटच्या वाळूत किती सोनं असेल देव जाणे.

नवग्रहांच्या खड्यांबद्दल मी बोलत नाही. पत्रिका बघणाऱ्याने पुष्कराज सांगितला असेल तर तो वेगळा दागिना समजा, साखरपुड्याच्या बजेटमध्ये घुसडू नका. मोती रोज वापरायच्या आंगठीत घालू नका, आपल्या हवेत घामाने निस्तेज होतो.

खरेदीच्या वेळी हॉलमार्क बघा. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिना कुठला, किती कॅरेटचा ते लगेच दिसतं. पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि हलक्या आंगठ्या नेमक्या तिथेच बसतात. म्हणून दोन ग्रॅमच्या किंचित वरची घ्या किंवा ओळखीच्या सोनाराकडून लेखी कॅरेट घ्या. बिलावर निव्वळ सोन्याचं वजन, खड्याचं वजन, घडणावळ आणि कर हे चारही वेगवेगळे लिहिलेले हवेत. खड्यासकट वजन करून सगळ्याला सोन्याचा भाव लावलेला दिसला तर उठून चालू पडा. आणि घडणावळीवर घासाघीस करा, लाजू नका. भाव आमच्या हातात नसतो, घडणावळ असते.

तर आकडा. तुमची परिस्थिती तुम्ही सांगितलीत तशीच असेल, घरात कोणाच्या आजारपणाचा मोठा खर्च नसेल, आणि मंगळसूत्राची सोय त्याच तीन लाखांतून असेल, तर मी एकूण ५०,००० च्या पुढे जाणार नाही आणि त्यातले ‘गेलेले’ दहा-बारा हजारांच्या आत ठेवीन. यात वरची पहिली आंगठी थोड्या कमी वजनात बसते, तिसरी आरामात बसते, दुसरी बसत नाही. आईला सोनं हवंय आणि मावशीला हिरा. मला विचाराल तर तिसरी आंगठी घ्या आणि वाचलेले पंधरा-सतरा हजार मंगळसूत्राच्या सोन्यात घाला. मुलीने वेगळं काही पसंत केलं तर तिचं ऐका, फक्त गेलेल्या पैशाची रेघ ओलांडू नका. हातात थोडा वेळ असेल आणि महिन्याच्या हप्त्यांची सोनेयोजना कोणी सुचवत असेल तर तिच्यात फक्त एवढं बघा की शेवटी सोनं त्याच दुकानातून आणि त्यांच्याच घडणावळीने घ्यावं लागतं.

माप संध्याकाळी द्या. सकाळी बोट बारीक असतं, दिवसभराच्या उकाड्याने फुगतं, आणि ओल्या हवेत आणखी. सांध्यावरून जराशी अडून आत जाईल असं माप बरोबर. सोनाराकडे साखरपुड्याच्या निदान तीन आठवडे आधी या, कारण तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्तांची रांग लागते आणि त्या दिवसांत माप बदलून द्यायलाही आम्हाला हात मोकळा नसतो. तिचं माप घ्यायला ती स्वतः येऊ शकत नसेल तर तिची रोजची एखादी आंगठी पाठवा, दोऱ्याने घेतलेलं माप पाठवू नका. दोरा ताणला जातो आणि आंगठी घट्ट होते.